गुन्हेगारीचा प्रतिकार आणि समाजमाध्यमे : एक चिकित्सा (राईनपाडा घटनेच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

'विज्ञान : शाप की वरदान' हा शालेय निबंधाचा विषय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रथम वरदानाचे परिच्छेद, नंतर शापाचे परिच्छेद आणि अखेरीस 'सारे काही वापरणाऱ्यावर अवलंबून आहे' हे तात्पर्य, असा त्याचा ठरलेला साचा असतो. समाजमाध्यमांविषयीच्या आपल्या लेखनात, चर्चासत्रांतील निबंधांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही हाच साचा पुढे चालू राहिलेला दिसतो. गुन्हेगारीच्या प्रतिकारासाठी समाजमाध्यमे किती उपयुक्त आणि किती घातक, या प्रश्नाचे उत्तर आपण दोन याद्या करून देतो. पोलिसांना त्वरित माहिती मिळते, हरवलेल्या व्यक्तींचा शोध लागतो, नागरिक सावध होतात, हे फायदे. अफवा पसरतात, बदनामी होते, तेढ वाढते, हे तोटे.

या याद्या चुकीच्या नाहीत, परंतु अपुऱ्या आहेत. उपकारक संदेश आणि अपकारक संदेश हे दोन स्वतंत्र प्रकार असून ते पाहताक्षणी ओळखता येतात, असे त्यांत गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात 'मुले पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा' असा संदेश पुढे पाठवणारा मनुष्य आपल्या समजुतीप्रमाणे गुन्ह्याचा प्रतिकारच करीत असतो. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी पाच निरपराध व्यक्तींचा बळी घेणारी अफवा ही नागरिकांना सावध करणाऱ्या संदेशाच्याच रूपात गावोगाव पोहोचली होती. म्हणजे जिची नोंद आपण तोट्यांच्या यादीत करतो, तिचा उगम फायद्यांच्या यादीत असतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, समाजमाध्यमाचा गुन्हेगारीविरोधी उपयोग तपासताना संदेशाच्या हेतूपेक्षा त्याची दिशा पाहणे आवश्यक आहे. तो संदेश पडताळणीचे उत्तरदायित्व असलेल्या यंत्रणेकडे जातो की असे कोणतेही उत्तरदायित्व नसलेल्या समूहाकडे जातो, हा खरा निकष होय. ऑनलाइन आर्थिक फसवणूक हा विषय स्वतंत्र विवेचनाचा असल्याने तो येथे वगळला आहे.

प्रतिकाराचे चार टप्पे

'गुन्हेगारीचा प्रतिकार' हा शब्दप्रयोग आपण सैलपणे वापरतो. त्यात किमान चार भिन्न कृती येतात : इतरांना सावध करणे, संबंधित यंत्रणेला माहिती देणे, पुरावा जतन करणे आणि दोष ठरवून शिक्षा करणे. यांपैकी पहिल्या तीन कृती नागरिकाला करता येतात. किंबहुना त्याने त्या कराव्यात अशी अपेक्षा असते. चौथी कृती मात्र आधुनिक राज्यव्यवस्थेत नागरिकाच्या हातून काढून घेऊन न्यायसंस्थेकडे सोपविण्यात आली आहे. पहिल्या तीन कृती आणि चौथी कृती यांच्यामध्ये तपास, साक्षीपुरावे, आरोपीचा बचाव आणि अपील असा जो कालावधी असतो, तो अनेकदा कंटाळवाणा व अन्यायकारक वाटतो. तरीही निरपराध व्यक्तीच्या संरक्षणाची सारी तरतूद त्याच कालावधीत असते. समाजमाध्यमांनी हा कालावधी जवळजवळ नाहीसा केला आहे. सावध करणारा, माहिती देणारा, पुरावा दाखवणारा आणि निवाडा करणारा, हे सर्व एकाच पडद्यावर आणि एकाच क्षणी एकत्र येतात.

उपयुक्ततेची बाजू

समाजमाध्यमांची उपयुक्तता नाकारणे वास्तवाला धरून होणार नाही. मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर (आताचे एक्स) आपले खाते सुरू केले. तोवर पोलीस ठाण्याची पायरी चढण्यास कचरणाऱ्या सामान्य नागरिकाला तक्रार मांडण्याचा एक सोपा मार्ग त्यामुळे उपलब्ध झाला. तक्रार सर्वांसमक्ष नोंदली जात असल्याने तिची दखल घेण्याचे नैतिक दडपणही यंत्रणेवर आले. हरवलेल्या मुलांचा शोध, बेपत्ता वृद्धांची ओळख, फसवणुकीच्या नव्या पद्धतींविषयी इशारे अशा अनेक बाबतींत या माध्यमाचा लाभ झाला आहे. २०१८ मध्ये भारतात पसरलेल्या 'मी टू' चळवळीने कार्यालयांतील व चित्रसृष्टीतील लैंगिक छळाचा प्रश्न ज्या तीव्रतेने ऐरणीवर आणला, तेही समाजमाध्यमांशिवाय क्वचितच शक्य झाले असते. ज्यांचे म्हणणे यंत्रणा ऐकत नाही, त्यांच्यासाठी हे माध्यम हाच शेवटचा दरवाजा ठरतो, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनी विसरता कामा नये.

मात्र ही उपयुक्तता कोणत्या अटीवर टिकते, हे अमेरिकेतील एका उदाहरणावरून स्पष्ट होते. १५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. एफबीआय या तपास संस्थेने नागरिकांना छायाचित्रे व चित्रफिती पाठविण्याचे आवाहन केले आणि १८ एप्रिल रोजी दोन संशयितांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्याच काळात रेडिट या संकेतस्थळावर हौशी शोधकांचा समांतर तपास सुरू होता. त्यात एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरविण्यात आले आणि त्याच्या शोकाकुल कुटुंबावर आरोपांचा व धमक्यांचा वर्षाव झाला. त्या विद्यार्थ्याचा या कृत्याशी काहीही संबंध नव्हता. तो आधीच मरण पावला होता. पुढे त्या संकेतस्थळाला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. घटना, माध्यम व उत्साही नागरिक ही सर्व सामग्री दोन्हीकडे सारखीच होती. एका बाजूला छायाचित्रे चुकल्यास जाब देणे भाग असलेल्या संस्थेकडे गेली, तर दुसऱ्या बाजूला ती नुसतीच जमावात फिरत राहिली. परिणामांतील फरक या दिशाभेदातून निर्माण झाला.

राईनपाडा : सावधगिरीचे रूपांतर

साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासीबहुल गावात १ जुलै २०१८ रोजी आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच पुरुष तेथे आले होते. त्यांतील बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे रहिवासी होते आणि भिक्षा मागून उदरनिर्वाह करणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय होता. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केल्याचे निमित्त झाले. मुले पळवणाऱ्या टोळीचे संदेश परिसरात आधीपासूनच फिरत होते. जमावाने पाचही जणांना मारहाण करीत ग्रामपंचायत कार्यालयात कोंडले आणि तेथे त्यांचा मृत्यू होईपर्यंत मारले. या प्रकाराच्या चित्रफितीही त्याच भ्रमणध्वनींवरून सर्वत्र पसरल्या.

ग्रामपंचायत कार्यालय हे गावातील शासनाचे सर्वांत जवळचे रूप. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने ज्या संस्थेला घटनात्मक दर्जा दिला, तिच्याच खोलीत कायद्याबाहेरचा निवाडा अमलात आणला गेला, ही बाब केवळ प्रतीकात्मक मानून सोडून देता येणार नाही. संशयितांना तेथे आणणे हे नागरिकांचे काम असू शकले असते. पोलीस येईपर्यंत दार बंद ठेवणे, हीच त्या वेळी खरी गुन्हेगारीविरोधी कृती ठरली असती.

असे घडणे अशक्य नव्हते, याचा पुरावा त्याच रात्रीने दिला. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे भिक्षा मागणाऱ्या एका कुटुंबातील लहान मुलासह पाच जणांना जमावाने मुले पळवणारे समजून घेरले. तेथे एका स्थानिक रहिवाशाने त्यांना आपल्या घरात आसरा दिला आणि पोलिसांनी जमावाला तोंड देऊन त्यांची सुटका केली. अफवा तीच होती आणि भ्रमणध्वनीही तेच होते. मालेगावात संदेश आणि कृती यांच्यामध्ये कोणीतरी उभे राहिले. राईनपाड्यात ते घडले नाही.

त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या एका चित्रफितीचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरील मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसत होते. ही मुळात पाकिस्तानातील कराची येथे बालसुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली फीत होती. मूळ फितीत मुलाला लगेच परत आणले जाते आणि पालकांना जागरूक राहण्याचा संदेश दाखविला जातो. शेवटचा हा भाग कापून उरलेली फीत भारतात खऱ्या अपहरणाचे चित्रण म्हणून पसरविण्यात आली. गुन्हा रोखण्यासाठी निर्माण केलेली सामग्री काही सेकंदांच्या काटछाटीने गुन्ह्याचे कारण बनली. फायद्या-तोट्यांच्या दोन याद्यांत ही फीत कोठे बसवावी, याचे उत्तर तो साचा देऊ शकत नाही.

अफवेच्या गतीपुढे शासकीय प्रयत्न किती अपुरे पडतात, हे त्रिपुरातील घटनेने राईनपाड्याच्या तीनच दिवस आधी दाखवून दिले होते. २८ जून २०१८ रोजी तेथे गावोगाव फिरून ध्वनिक्षेपकावरून 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असे सांगण्यासाठी शासनाने नेमलेल्या माणसालाच जमावाने ठार मारले.

संशयाची पूर्वपीठिका

या घटनांचे सारे खापर व्हॉट्सॲपवर फोडणे सोयीचे असले तरी ते शास्त्रीय ठरणार नाही. मुले पळवणाऱ्यांची भीती मराठी समाजात भ्रमणध्वनीच्या कितीतरी आधीपासून आहे. रडणाऱ्या मुलाला 'बुवा येईल, झोळीत घालून नेईल' असा धाक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घातला गेला. ज्या गोसाव्याच्या 'अलख' या हाळीला घरातील स्त्री सूपभर धान्य देत असे, त्याचीच झोळी मुलांना भीती दाखविण्यासाठीही वापरली जाई. 'एकदा कानफाट्या नाव पडले की पडलेच' या म्हणीतील कानफाटे हे नाव नाथपंथीयांचेच आहे, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. वसाहतकालीन सत्तेने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याद्वारे काही भटक्या समूहांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. मात्र त्याने दृढ केलेली संशयाची दृष्टी अद्याप रद्द झालेली नाही.

समाजमाध्यमाने नवा संशय निर्माण केला नाही. त्याने जुन्या संशयाला वेग, चित्र आणि बहुमताचा आभास दिला. पूर्वी बाहेरगावच्या भिक्षेकऱ्याविषयी गावात शंका आली, तर तिची शहानिशा करण्यास वेळ मिळत असे. 'कोणत्या गावचे, कोणाकडे उतरलात' अशी विचारपूस होई. आता शहानिशेपूर्वीच दहा गटांतून तोच संदेश दहा वेळा येतो आणि पुनरावृत्तीलाच पुरावा मानले जाते.

सुशिक्षितांचा सहभाग

अफवांना बळी पडणारे लोक अशिक्षित असतात, असे आपण प्राध्यापक मंडळी मनोमन मानतो. या समजुतीची तपासणी स्वतःपासून सुरू करणे उचित ठरेल. जून २०१८ मध्ये अशाच स्वरूपाचा एक संदेश प्रस्तुत लेखकाच्या भ्रमणध्वनीवर आला होता. घरात लहान भाचा असल्याने लेखकाने तो नातेवाइकांच्या गटात पाठवला आणि वर 'खरे-खोटे माहीत नाही, पण काळजी घ्यावी' अशी ओळ जोडली. एम.फिल.च्या प्रबंधात प्रत्येक विधानाला आधार देण्याची शिस्त शिकलेल्या व्यक्तीने ही ओळ लिहिली होती. तेव्हा ती सावधगिरीची वाटली. राईनपाड्याची बातमी वाचल्यावर लक्षात आले की, ती पडताळणी टाळण्याची एक सभ्य रीत होती. आपला संदेश राईनपाड्यापर्यंत पोहोचला नसेलही. परंतु अशी लाखो 'नसेलही' मिळूनच ते वातावरण तयार झाले होते.

सुशिक्षितांचा दुसरा सहभाग निवाड्यात असतो. हैदराबादजवळ नोव्हेंबर २०१९ मध्ये घडलेल्या बलात्कार व खून प्रकरणातील पीडितेचे नाव कायद्याने मनाई असतानाही देशभर समाजमाध्यमांवर झळकत राहिले. ६ डिसेंबर २०१९ रोजी चारही आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा त्याच माध्यमांवर 'न्याय मिळाला' असा जल्लोष झाला. सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल मे २०२२ मध्ये खुला झाला. आरोपींना ठार करण्याच्या हेतूने जाणीवपूर्वक गोळीबार करण्यात आला, असा निष्कर्ष त्यात नोंदविलेला आहे. जल्लोषाचे संदेश मात्र तोवर केव्हाच विस्मृतीत गेले होते आणि अहवालाची चर्चा त्या प्रमाणात झाली नाही. राईनपाड्याचा जमाव आणि हा जल्लोष यांच्या परिणामांत मोठा फरक आहे. परंतु सिद्धतेपूर्वीच शिक्षेची मागणी करणारी मानसिकता दोहोंत समान आहे.

कायदा, शासन आणि कंपन्या

राईनपाड्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात जमावहत्येविषयी सविस्तर निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला समन्वय अधिकारी नेमणे, प्रक्षोभक संदेशांचा प्रसार रोखणे आणि खटले शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढणे यांचा त्यांत समावेश होता. राईनपाडा प्रकरणी धुळे येथील न्यायालयाने सात आरोपींना जन्मठेपेची शिक्षा सुनावली, ती २०२४ मध्ये. जमावाला काही तास पुरले. न्यायालयाला पाच वर्षांहून अधिक काळ लागला. न्यायदानातील हा विलंब जमावाच्या निवाड्याचे समर्थन ठरू शकत नाही, परंतु त्याला खतपाणी मात्र घालतो.

भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून पाच किंवा अधिक व्यक्तींच्या समूहाने वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा वा तत्सम कारणावरून केलेल्या हत्येसाठी कलम १०३(२) मध्ये स्वतंत्र तरतूद केली आहे. तिचे स्वागत करतानाही एक प्रश्न उरतो. 'मुले पळवणारा' या निव्वळ संशयावरून झालेली हत्या 'तत्सम कारणा'त बसते काय, हे न्यायालयीन अर्थनिर्णयावर अवलंबून राहणार आहे.

पुराव्याच्या बाबतीतही सावधगिरी आवश्यक आहे. गुन्ह्याची चित्रफीत सर्वत्र फिरली म्हणजे पुरावा तयार झाला, असा समज आढळतो. जालना विधानसभा मतदारसंघातील निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरण सादर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित प्रमाणपत्र अनिवार्य आहे. चित्रफीत शंभर गटांत पाठवण्यापेक्षा ती जतन करून मूळ उपकरणासह तपास अधिकाऱ्याकडे सोपविणे, हे अधिक मोलाचे सहकार्य ठरते.

राज्यसंस्थेच्या हाती नियंत्रणाचे अमर्याद अधिकार देणे हा यावरचा उपाय नव्हे, हेही महाराष्ट्रानेच अनुभवले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत व्यक्त करणारी एक तरुणी आणि त्यास पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण यांना पालघर येथे अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले, त्या याचिकेला याच अटकेची पार्श्वभूमी होती. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची चोर व मुले पळवणारे समजून जमावाने पोलिसांसमक्ष हत्या केली. हत्येपूर्वी अफवा होत्याच. हत्येनंतर तिला धार्मिक रंग देणारे संदेश पसरले आणि अटक केलेल्या १०१ जणांची यादी समाजमाध्यमावर प्रसिद्ध करून गृहमंत्र्यांना त्यांचे खंडन करावे लागले. निरुपद्रवी मतावर तत्परतेने कारवाई आणि प्राणघातक अफवेपुढे हतबलता, असा हा विरोधाभास आहे.

कंपन्यांच्या बाबतीत एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० मध्ये अनेकदा फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. म्हणजे वेग कमी करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. ते करण्यास बळी जाण्याची वाट पाहावी लागली. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी संदेशाच्या मूळ प्रेषकाचा शोध देण्याची अट मोठ्या कंपन्यांवर घातली, तिला खासगीपणाच्या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. मूळ प्रेषक सापडला तरी पुढे पाठविणाऱ्या हजारोंच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न फौजदारी कायद्याच्या चौकटीत सुटणारा नाही. तो नागरिकशास्त्राचा प्रश्न आहे आणि म्हणून तो आपल्या व्यवसायाचाही प्रश्न आहे.

निष्कर्ष

१. समाजमाध्यम गुन्हेगारीच्या प्रतिकारास उपयुक्त की घातक, हे संदेशाच्या हेतूवरून ठरत नाही. तो उत्तरदायी यंत्रणेकडे जातो की उत्तरदायित्वहीन समूहाकडे, यावरून ठरते.

२. सावध करणे, माहिती देणे व पुरावा जतन करणे ही नागरिकांची क्षेत्रे आहेत. दोषनिश्चिती व शिक्षा ही नव्हेत. पहिल्या तिन्हींचे चौथ्यात रूपांतर होण्याचा धोका समाजमाध्यमांनी वाढविला आहे.

३. अफवा जुन्या सामाजिक संशयावर पोसली जाते. त्यामुळे भटक्या-विमुक्त समूहांविषयीचे पूर्वग्रह दूर करणे हादेखील गुन्हेप्रतिबंधाचाच भाग मानला पाहिजे.

४. पोलिसांनी केवळ खाते चालवून भागणार नाही. अफवेचे स्थानिक बोलीत आणि अफवेइतक्याच तत्परतेने खंडन करणारी व्यवस्था तालुका पातळीवर असणे आवश्यक आहे.

५. महाविद्यालयांनी संदेशाच्या पडताळणीचे शिक्षण हे माहिती तंत्रज्ञानाच्या तासापुरते न ठेवता इतिहास, समाजशास्त्र व भाषा या विषयांत आधारचिकित्सेचा भाग म्हणून द्यावे.

यांतील शेवटचा निष्कर्ष अमलात आणण्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची आवश्यकता नाही. प्राध्यापक कक्षात बसून हातातील संदेश पुढे पाठविण्यापूर्वी, आपल्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पात हे विधान आपण आधाराशिवाय चालू दिले असते काय, एवढा प्रश्न स्वतःला विचारणे पुरेसे आहे. मंगळवेढ्याहून पोटासाठी निघालेल्या पाच जणांविषयी तो प्रश्न कोणी वेळेवर विचारला नाही.